पाच पैशांचे तिकीट : दान की कर्तव्य?



गेल्या सत्रात आपल्या शाळेत तिकिटांचे आणि जुन्या नाण्यांचे छोटेसे प्रदर्शन भरले होते. त्यात नववीतील एका मुलीने आजोबांच्या ट्रंकेतले एक जुने पाकीट मांडले होते. १९७२ साली पुण्याहून बडोद्याला आलेले. आतले पत्र अगदी घरगुती होते. कोणाचे बारसे झाले, कोणाची परीक्षा कशी गेली, लोणच्याची बरणी पोहोचली की नाही, एवढाच मजकूर. पण पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे आणखी एक तिकीट होते. ते होते कुटुंबनियोजनाचे आणि त्यावर ‘रेफ्युजी रिलीफ’, म्हणजे ‘निर्वासितांना साहाय्य’, असे शब्द वरून छापलेले होते. ‘पत्राचे तिकीट तर लावले आहे, मग हे दुसरे कशाला?’ असे पुष्कळ मुलांनी विचारले.

त्या चौकशीतून नववीच्या मुलांनी एक सूचना पुढे आणली. आपल्या ‘विद्यार्थी साहाय्य निधी’त दरवर्षी जी रक्कम जमते तिचा दहावा भाग, ज्यांच्याशी आपले नात्याचे, भाषेचे किंवा गावाचे काहीच नाते नाही अशा अतिगरीब मुलांच्या औषधपाण्यासाठी द्यावा. पालकसभेत यावर बरीच चर्चा झाली. एका पालकांनी विचारले, ‘आपल्याच शाळेत फी थकलेली मुले असताना जगाची चिंता आपण का करायची?’ दुसऱ्या पालक म्हणाल्या, ‘ज्यांच्याकडे कोट्यवधी आहेत त्यांचे ते काम. आपण मध्यमवर्गीय माणसे.’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांना टाळीच्या वाक्याने उत्तर देऊन चालणार नाही. विश्वस्त मंडळ पुढच्या बैठकीत सूचनेचा विचार करणार आहे. त्याआधी या प्रश्नाच्या सर्व बाजू वाचकांसमोर मांडाव्यात, असे आम्हा संपादक मंडळाला वाटले. जगातील गरिबी दूर करणे हे श्रीमंतांचे नैतिक कर्तव्य आहे, की ती त्यांची मर्जी आहे? मुळात श्रीमंत म्हणायचे तरी कोणाला?

१९७१ साली काय घडले?

आधी तिकिटाची गोष्ट. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. २५ मार्च १९७१च्या रात्री तेथे पाकिस्तानी लष्कराने दडपशाही सुरू केली आणि माणसे जीव मुठीत धरून भारताच्या सरहद्दीकडे निघाली. वर्ष संपेपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय येथे छावण्या उभ्या राहिल्या. माणसे तंबूंत राहिली, शाळांत राहिली, सांडपाण्याच्या मोठ्या सिमेंटच्या नळांतही राहिली. भारत तेव्हा स्वतःच गरीब देश होता. तरी त्याने सरहद्द बंद केली नाही. या खर्चासाठी सरकारने काही जादा कर बसवले. त्यांतलाच एक म्हणजे १९७१च्या नोव्हेंबरपासून पत्रावर लावायचे हे ५ पैशांचे तिकीट.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्याच्या त्या पत्रलेखकाने हे ५ पैसे दान म्हणून दिले नव्हते. तो कर होता. त्याला कोणी ‘उदार’ म्हटले नाही, त्याच्या नावाची पाटी कोठे लागली नाही. बोनगावच्या छावणीतल्या माणसाचे तोंड त्याने कधी पाहिले नव्हते. तरी त्याचा वाटा तेथे पोहोचला, आणि ‘मी का द्यायचा?’ असे भांडण त्याने पोस्टमास्तरांशी केल्याचे पत्रात तरी दिसत नाही.

ऑक्सफर्डमधला एक निबंध

नेमक्या त्याच दिवसांत, नोव्हेंबर १९७१मध्ये, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे पीटर सिंगर हा २५ वर्षांचा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ याच निर्वासितांविषयी एक निबंध लिहीत होता. १९७२ साली छापला गेलेला हा निबंध दुष्काळ, सुबत्ता आणि नीती यांवर आहे. जगभरच्या विद्यापीठांत तो आजही शिकवला जातो आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

सिंगर यांनी एक साधे उदाहरण घेतले. समजा, तुम्ही एका उथळ तळ्याजवळून चालला आहात. एक लहान मूल पाण्यात पडून गटांगळ्या खाते आहे. तुम्ही उतरलात तर तुमचे कपडे चिखलाने माखतील, पण मूल नक्की वाचेल. अशा वेळी काय करावे हे पहिलीतला मुलगाही सांगेल. जो माणूस बूट खराब होतील म्हणून पुढे निघून जाईल, त्याला आपण ‘उदार नाही’ एवढेच म्हणणार नाही. त्याने घोर चूक केली असेच म्हणू. म्हणजे मूल वाचवणे हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे.

यातून त्यांनी एक नियम काढला. एखादी फार वाईट गोष्ट टाळणे आपल्या हाती असेल आणि त्यासाठी तितक्याच मोलाचे काही गमवावे लागत नसेल, तर ती टाळणे आपल्यावर बंधनकारक आहे. मग ते मूल तळ्यात असो की हजारो मैलांवरच्या छावणीत. अंतराने मदत करणे कठीण होईल, पण अंतरामुळे मुलाच्या जिवाचे मोल कमी होत नाही.

त्यांनी आकडेही दिले. ब्रिटनने तोवर निर्वासितांसाठी सुमारे १ कोटी ४७ लाख ५० हजार पौंड दिले होते. त्याच काळात फ्रान्सबरोबर बनवल्या जाणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानासाठी ब्रिटनच्या वाट्याला आलेला आणि परत न मिळणारा खर्च साडेसत्तावीस कोटी पौंडांच्या वर गेला होता. वर्ष संपण्याआधी भारताला इतर देशांकडून किमान ३० कोटी पौंडांची मदत मिळायला हवी, असे जागतिक बँकेचे म्हणणे होते. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. प्रश्न अग्रक्रमाचा होता.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

निबंध पटण्यासारखा वाटला तरी त्यावर आक्षेप पुष्कळ आहेत. पालकसभेत जे बोलले गेले ते जवळजवळ सगळे त्यांत येते.

पहिला आक्षेप : आधी आपले, मग परके. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपणच म्हणतो. आपल्या मुलाची, शेजाऱ्याची, शाळेची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे हे आम्हालाही मान्य आहे. स्वतःचे मूल उपाशी ठेवून परक्याला जेवू घालणाऱ्या माणसाचे कौतुक कोणी करणार नाही. पण ‘आधी आपले’ याचा अर्थ ‘फक्त आपले’ असा होत नाही. बडोद्याच्या माणसाने तर हे विसरूच नये. संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा ‘छप्पनिया’ दुष्काळ गुजरातमधील घराघरांत अजून बोलला जातो. त्या वेळी अमेरिकेतील एका साप्ताहिकाने आवाहन केले आणि तेथील सामान्य वाचकांनी भारतासाठी वर्गणी जमवली. १९०० साली ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून हजारो टन मका न्यूयॉर्कहून मुंबईला आला. त्या वाचकांच्या गावात गरीब नव्हते काय? होतेच. ‘आमच्या गावचा शेवटचा गरीब सुखी झाल्यावर हिंदुस्थानचे बघू’ असे ते म्हणाले असते, तर मक्याचा एक दाणाही निघाला नसता.

दुसरा आक्षेप : इतर पुष्कळ जण आहेत, मीच का? तळ्याकाठी दहा जण उभे आहेत आणि कोणीच उतरत नाही, म्हणून मूल बुडाले तर चालेल काय? इतरांच्या निष्क्रियतेने आपली जबाबदारी पुसली जात नाही. मात्र वाटणी न्याय्य असावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि ५ पैशांच्या तिकिटाने नेमके तेच केले होते. सर्वांनी थोडे थोडे दिल्याने कोणावरच भार पडला नाही. थेंबे थेंबे तळे साचे ते असे.

तिसरा आक्षेप : हे सरकारांचे काम आहे. खरेच आहे, आणि सरकारांनी ते मान्यही केले आहे. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग गरीब देशांच्या विकासासाठी द्यावा. शंभर रुपयांतले सत्तर पैसे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला तरी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश हे वचन सातत्याने पाळत आले. २०२५ साली तर अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली मुख्य सरकारी संस्थाच बंद केली. सरकार हात आखडते घेते तेव्हा नागरिकाचे कर्तव्य कमी होत नाही, उलट दुप्पट होते. एक कर्तव्य स्वतः देण्याचे आणि दुसरे सरकारला वचनाची आठवण करून देण्याचे.

चौथा आक्षेप : मदतीने लोकसंख्या वाढते आणि सगळेच बुडतात. १९७४ साली अमेरिकेतील गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने असे मांडले की श्रीमंत देश म्हणजे समुद्रातली जीवरक्षक होडी आहे. बुडणाऱ्या सर्वांना आत घेतले तर होडीच उलटेल. युक्तिवाद कठोर आहे, पण पुढच्या पन्नास वर्षांनी तो खोटा पाडला. बांगलादेशाचेच पाहा. १९७०च्या सुमारास तेथे एका स्त्रीला सरासरी जवळजवळ सात मुले होत. आज हे प्रमाण दोनच्या आसपास आले आहे. मुले जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, कुटुंबनियोजन घरोघरी पोहोचले, तशी कुटुंबे लहान झाली. जगलेल्या मुलांमुळे होडी बुडाली नाही.

पाचवा आक्षेप : मदत मधल्यामध्ये मुरते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवणे बरोबर नाही. हुकूमशहांच्या खिशात गेलेली मदत आहे, धूळ खात पडलेली यंत्रे आहेत. शिवाय गरिबी हटवण्याचे सर्वांत मोठे काम परदेशी मदतीने केलेलेच नाही. १९९० साली जगातील तिघांमागे एकाहून अधिक माणूस अतिगरिबीत होता, आता हे प्रमाण दहांमागे एकावर आले आहे. यातला मोठा वाटा चीन, भारत यांसारख्या देशांनी स्वतःच्या शेतीतून, उद्योगांतून आणि शाळांतून मिळवला आहे.

पण ‘काही मदत वाया जाते’ यावरून ‘सगळी मदत वाया जाते’ असा निष्कर्ष निघत नाही. यासाठी पुन्हा १९७१कडे, बोनगावकडे वळू. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर छावण्यांत पटकीची साथ आली. बोनगावच्या रुग्णालयात रोगी जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केले. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, त्या पिण्याच्या पाण्यात कालवल्या आणि रोग्यांच्या आईबहिणींनाच ते पाणी घोटघोट पाजायला शिकवले. पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. हे पाणी मिळालेल्या रोग्यांत ते ३.६ टक्क्यांवर आले. या उपचारामागचे संशोधन आधीच्या दशकात ढाका आणि कोलकाता येथे झाले होते, आणि त्याला परदेशी पैशाचाही हातभार होता. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या ठरू शकणाऱ्या शोधांत केली. आज आपल्या घरी जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसचे पाकीट दिले जाते ते हेच.

सांगायचे ते इतकेच. कुठे द्यायचे, कोणाला द्यायचे, काय दिल्याने काय घडते, हे पाहून दिलेली मदत मुरत नाही. मलेरियाने आजही दरवर्षी सुमारे ६ लाख माणसे मरतात आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले असतात. त्यांना वाचवणारी औषध लावलेली मच्छरदाणी थोड्या डॉलरांत येते. जगात पाच वर्षांखालील बालमृत्यू १९९० साली सव्वा कोटीच्या घरात होते, आता ते ५० लाखांखाली आले आहेत. लस, स्वच्छ पाणी, मच्छरदाणी, ओआरएस अशा साध्या गोष्टींचा यात मोठा वाटा आहे. तेव्हा हा आक्षेप ‘देऊ नका’ असे सांगत नाही, ‘डोळे उघडे ठेवून द्या’ असे सांगतो.

देणे पुरेसे आहे काय?

आतापर्यंतची चर्चा तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची झाली. त्याने मुलाला पाण्यात ढकललेले नाही, तो फक्त वाटसरू आहे. पण तळ्याभोवतीचे कुंपण त्यानेच सरपणाला तोडून नेले असेल तर?

थॉमस पोगे या जर्मन तत्त्वज्ञांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे असे की श्रीमंत देश निव्वळ वाटसरू नाहीत. व्यापाराचे आणि कर्जाचे नियम तेच ठरवतात आणि त्या नियमांनी गरिबांचे नुकसान होते. एखादा हुकूमशहा देशाच्या नावावर कर्ज काढतो, पैसा स्वतः उडवतो आणि फेड मात्र पुढच्या पिढ्यांना करावी लागते. दुसरे उदाहरण कापसाचे. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली की अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देतात, त्यामुळे जगात भाव पडतात आणि आमचा शेतकरी बुडतो. एका हाताने मदत द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, याला दान म्हणता येईल काय? पोगे यांच्या मते गरिबांना मदत करण्याआधी त्यांचे नुकसान थांबवणे हे पहिले कर्तव्य आहे.

ही गोष्ट समजायला आपल्याला फार दूर जायला नको. आपल्याच शहरात ती घडली आहे. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. श्रीमंताने आपले कर्तव्य कसे ओळखावे याचे हे मोठे उदाहरण आहे. याच राजाने १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. शिक्षण ही त्याने राजाची मर्जी ठेवली नाही, राज्याचे बंधन करून ठेवले.

पण १९१७ साली बाबासाहेब ठरल्याप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी उतारशाळेत ते ओळख लपवून राहिले. ओळख कळताच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, त्यांनी ते तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, शहराने खोली दिली नाही. पैसा देणारा हात आणि दार लावून घेणारा हात, दोन्ही बडोद्याचेच होते. सहलीला मुलांना सयाजीबागेत नेतो तेव्हा संकल्पभूमीपाशी थांबून हे सांगायला आम्ही विसरत नाही.

म्हणून कर्तव्याचे दोन भाग आहेत. एक म्हणजे हात देणे आणि दुसरा म्हणजे आपला पाय कोणाच्या मानेवर नाही ना हे पाहणे. पहिल्यामुळे आपल्याला समाधान मिळते. दुसऱ्यात समाधान कमी आणि अडचण जास्त असते, म्हणून तो भाग आपण सहसा विसरतो.

श्रीमंत कोण आणि किती द्यायचे?

‘श्रीमंत’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अब्जाधीश येतात. त्यांची जबाबदारी सर्वांत मोठी यात शंकाच नाही. २०१० साली वॉरन बफे आणि बिल गेट्स यांनी अब्जाधीशांना आपली अर्ध्याहून अधिक संपत्ती देण्याचे जाहीर वचन द्यायला सांगितले. २०१३ साली अझीम प्रेमजी यांनी ते दिले. मात्र हे वचन नैतिक आहे, कायद्याचे नाही. किती आणि कोणाला द्यायचे हे देणाऱ्याच्याच मर्जीवर राहते. म्हणून ‘मोठ्या दात्यांवर सोडून द्या’ हे उत्तर अपुरे आहे. त्यांच्याकडून कर नीट वसूल व्हावा हेही कर्तव्यात येते.

आता दुसरी बाजू. जागतिक बँकेने २०२५ साली अतिगरिबीची रेषा माणशी दररोज ३ डॉलर अशी ठरवली. प्रत्येक देशातील किमतींचा हिशेब करून ही रेषा लावतात. २०२१च्या किमतींनुसार भारतात ती दिवसाला साधारण साठेक रुपये होते. अन्न, कपडा, निवारा, औषध, शाळा, सगळे त्यात बसवायचे. जगात सुमारे ८० कोटी माणसे या रेषेखाली आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहून पाहिले तर ज्या घरात पक्के छत, दुचाकी, मुलाची शिकवणी आणि सणाला नवे कपडे आहेत, ते घर श्रीमंतच दिसेल. आपण मध्यमवर्गीय आहोत हे खरे, पण ते आपल्या गल्लीच्या मापाने.

मग किती द्यायचे? सिंगर यांचा नियम शेवटपर्यंत ताणला तर सिनेमाचे तिकीट काढणेही चूक ठरेल. इतके कठोर बंधन बहुतेक माणसे पाळू शकणार नाहीत, आणि न पाळता येणारा नियम माणसे लवकर टाकून देतात. म्हणूनच ठरलेला वाटा बाजूला काढण्याची रीत आम्हाला शहाणपणाची वाटते. शिखांमध्ये दसवंध म्हणून उत्पन्नाचा दहावा भाग काढतात, मुसलमानांमध्ये बचतीच्या अडीच टक्के जकात देतात. २००९ साली ऑक्सफर्डमध्ये काही तरुणांनी जन्मभर दहावा भाग देण्याची प्रतिज्ञा सुरू केली आणि आज हजारो जण ती पाळतात. वाटा ठरला की मर्जीचा प्रश्न राहत नाही. मन द्रवले तर द्यायचे आणि नाही द्रवले तर नाही, असे होत नाही. नववीच्या मुलांनी दहावा भागच का निवडला, हे त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही, पण निवड चांगली आहे.

महात्मा गांधींनी श्रीमंतांना संपत्तीचे मालक न म्हणता विश्वस्त म्हटले. हा शब्द आपल्या शाळेला परका नाही. आपले विश्वस्त शाळेच्या इमारतीची काळजी घरासारखी घेतात, पण तिला आपली मालमत्ता समजत नाहीत. कोणी तरी आधी दिले, ते सांभाळून पुढच्यांना द्यायचे, एवढेच ते समजतात. ज्या माणसांनी ही शाळा उभारायला पैसे दिले त्यांतल्या कोणीही आजची मुले पाहिलेली नाहीत. तरी त्यांनी दिले. अंतर जसे मैलांचे असते तसे वर्षांचेही असते.

आमचे मत

सर्व बाजू मांडल्यावर स्वतःचे मत लपवणे बरे नाही. आमच्या मते ज्याच्याकडे गरजेपेक्षा अधिक आहे त्याच्यावर जगातील गरिबांचे कर्तव्य आहे. ज्याच्याकडे जितके अधिक, तितके ते मोठे. हे कर्तव्य मेहेरबानी नव्हे, म्हणून देणाऱ्याने मान ताठ करू नये आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.

साहाय्य निधीपुरते बोलायचे तर आमची सूचना अशी. फी थकलेल्या आपल्या मुलांसाठी आज जितकी रक्कम लागते तिला हात लावू नये. ‘आधी आपले’ हे तत्त्व तेवढे पाळावे. त्यापलीकडे नववीच्या मुलांचा दहावा भाग नव्या वर्गणीतून उभा करावा. न्यासाचे उत्पन्न परदेशात खर्च करण्यावर प्राप्तिकर कायद्याची बंधने आहेत, हे खजिनदारांनी सभेत सांगितलेच आहे. म्हणून ही रक्कम भारतातच अतिदुर्गम भागांत बालआरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेमार्फत द्यावी. जगातल्या गरिबांत आपल्या देशातले, आपण कधी न पाहिलेले लोकही येतातच. संस्था निवडताना तिचे हिशेब मुलांनी स्वतः मागवावेत, वाचावेत आणि वर्षाअखेर या वार्तापत्रात छापावेत. गणिताच्या तासाला याहून चांगला स्वाध्याय आम्हाला सुचत नाही.

शेवटी, छावणीतल्या त्या माणसांचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. १६ डिसेंबर १९७१ला बांगलादेश स्वतंत्र झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित घरी परतले. २०१७ साली म्यानमारमधून काही महिन्यांतच ७ लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवून पळाले, तेव्हा याच बांगलादेशाने, श्रीमंत नसतानाही, त्यांना कॉक्स बझारजवळ जागा दिली. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण आपले जळेपर्यंत वाट पाहायची नसेल, तर दुसऱ्याचे कळून घेण्याची सवय शाळेतच लावावी लागते.

ते पाकीट नववीतील मुलीने शाळेच्या वाचनालयाला दिले आहे. ते काचेखाली ठेवले आहे. पालकांनी बैठकीला येताना पाच मिनिटे काढून ते जरूर पाहावे.